दूरचित्रवाणीवर दुर्मीळ नाणी दाखवताना

संग्रहातील दुर्मीळ नाणे लोकांसमोर मांडण्याचे जुने मार्ग दोन : वस्तुसंग्रहालयातील काचपेटी आणि संग्राहकांनी भरवलेले प्रदर्शन. दोन्ही ठिकाणी पाहणारा मुद्दाम आलेला असतो, वाटेल तितका वेळ तो पेटीसमोर रेंगाळू शकतो आणि शंका आलीच तर शेजारी उभ्या असलेल्या जाणकाराला विचारू शकतो. दूरचित्रवाणीवर यातले काहीच घडत नाही. नाणे पडद्यावर येते, आठ-दहा सेकंद राहते आणि निघून जाते, आणि पाहणाऱ्याच्या मनात मागे उरतो तो बहुधा एकच आकडा, निवेदकाने विचारून घेतलेली किंमत. शिवराज्याभिषेक दिन, दिवाळीतील लक्ष्मीपूजन किंवा १८ मे रोजीचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन अशी निमित्ते साधून वाहिन्यांकडून संग्राहकांना बोलावणे येऊ शकते, आणि ते आले की कोणती नाणी न्यावीत, ती कशी दाखवावीत आणि त्यांच्याविषयी काय बोलावे व काय टाळावे, हे प्रश्न ऐनवेळी समोर उभे राहतात. त्यांची उत्तरे आधीच हाताशी असावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यामागचे सूत्र असे, की पडद्यावर नाण्याची ओळख आधी पटावी आणि मोल मागाहून यावे.

दुर्मीळ कशाला म्हणावे

नाणकशास्त्रात, म्हणजे नाण्यांच्या आधारे इतिहास अभ्यासणाऱ्या शास्त्रात, जुने आणि दुर्मीळ हे शब्द एका अर्थाचे नाहीत. मराठी घरांत देवघरातल्या डबीत सापडणारा राणीछाप रुपया याचे उत्तम उदाहरण आहे. व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याच्या या चांदीच्या रुपयांपैकी १८६२ हे साल असलेला रुपया दीडशे वर्षांहून जुना असूनही सहज मिळतो, कारण टांकसाळींनी तेच साल कायम ठेवून पुढे कित्येक वर्षे रुपये पाडले. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया त्याच्याहून पाऊणशे वर्षांनी तरुण असला, तरी तो हाती लागणे अवघड आहे. दुर्मीळपणा ठरतो तो नाणी किती पाडली गेली, त्यांतील किती वितळवली गेली, किती आज शिल्लक आहेत आणि शिल्लक राहिलेल्यांतील किती चांगल्या अवस्थेत आहेत, या चार गोष्टींवरून. नुसत्या वयावरून तो ठरत नाही.

हा भेद संग्राहकाने कार्यक्रमाच्या पहिल्याच मिनिटात स्पष्ट करावा. तसे न केल्यास जुने ते सारे मौल्यवान, असा समज होऊन प्रेक्षक घरातील प्रत्येक तांब्याच्या चकतीकडे लाखांच्या आशेने पाहू लागतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर शिवाजी महाराजांच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांची तुलना प्रेक्षकाला चटकन समजते. दोन्हींवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत. परंतु सुमारे पावणेतीन ग्रॅम वजनाचा आणि नखाएवढा होन आज फारच थोड्या संख्येने उरला आहे, तर शिवराई पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात राहिल्यामुळे हजारोंच्या संख्येने टिकली आहे. मुद्रालेख, म्हणजे नाण्यावरील अक्षरे, तोच असूनही एक नाणे दुर्मीळ आणि दुसरे सर्वसामान्य असू शकते, हे या जोडीवरून एका दृश्यात दाखवता येते.

निवड : थोडी नाणी, पण पूर्ण पाहिलेली

आपल्याकडे किती नाणी आहेत हे दाखवण्याकडे संग्राहकाचा ओढा असतो आणि वाहिनीलाही टेबलभर पसरलेली नाणी भरगच्च दिसतात म्हणून आवडतात. असे दृश्य सुरुवातीला काही सेकंद पुरेसे आहे. दहा मिनिटांच्या कार्यक्रमासाठी तीन ते पाच नाण्यांहून अधिक नाणी बोलण्यासाठी निवडू नयेत, आणि निवडताना प्रत्येक नाण्यावर डोळ्यांना दिसेल अशी एक तरी खूण आहे ना, हे पाहावे. केवळ मौल्यवान असलेले, पण झिजून गुळगुळीत झालेले नाणे पडद्यावर मुके राहते.

अशा बोलक्या नाण्याचे एक उदाहरण म्हणजे पाचव्या जॉर्जचा १९११ सालचा रुपया. त्यावरील राजाच्या वस्त्रावर एका सन्मानपदकाची साखळी आहे आणि त्या साखळीत एक छोटा हत्ती कोरलेला आहे. कोरणाऱ्याने त्याची सोंड आखूड कोरल्यामुळे तो लोकांना डुकरासारखा दिसला, त्यावरून नाराजी पसरली, सरकारने ही नाणी मागे घेऊन त्यांतील बरीचशी वितळवली आणि १९१२ पासूनच्या रुपयांवर हत्तीची सोंड नीट लांब दाखवली. मूळ रुपयाचा व्यास जेमतेम साडेतीस मिलिमीटर आणि त्यावरचा हत्ती तर काही मिलिमीटरचा. परंतु १९११ आणि १९१२ चे दोन रुपये शेजारी ठेवून तेवढाच भाग मोठा करून दाखवला, तर जो फरक सांगायला पाच वाक्ये लागतात तो प्रेक्षक एका नजरेत ओळखतो. पडद्याचे खरे सामर्थ्य येथे आहे, कारण काचपेटीसमोर उभ्या असलेल्या माणसाला हा हत्ती भिंगाशिवाय दिसत नाही.

दुसरे उदाहरण प्राचीन काळाचे आहे. नाशिकजवळील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात घराण्यातील राजा नहपान याची होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. आधीच्या छापावर नवा छाप मारण्याच्या या रीतीला पुनर्मुद्रांकन म्हणतात. अशा नाण्यावर नहपानाच्या चेहऱ्याची रेषा खाली आणि सातवाहनांचे चैत्याचे चिन्ह वर अशा दोन राजवटी एकाच चकतीवर दिसतात, आणि पराभूत राजाचे चलन विजेत्याने कसे आपलेसे केले हे सांगण्यास वेगळा पुरावा लागत नाही.

खरेपणाची खात्री

पडद्यावर दाखवलेल्या नाण्याला लोक आपोआप खरे मानतात. त्यामुळे नकली नाणे नकळत दाखवले गेले, तर त्या नकलेला प्रतिष्ठा मिळते आणि विक्रेते त्याच दृश्याचा पुरावा म्हणून उपयोग करतात. शिवकालीन होनाच्या नकला मोठ्या प्रमाणावर फिरत असल्यामुळे या नाण्याबाबत विशेष सावध राहावे. ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ असे साल असलेली, राम-सीता किंवा हनुमान यांची चित्रे असलेली तांब्या-पितळेची नाणीही बाजारात मुबलक दिसतात. कंपनीने संपूर्ण हिंदुस्थानासाठी एकसारखी नाणी १८३५ पासून पाडली, त्याआधी मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांची नाणी निरनिराळी होती, आणि देवतांच्या चित्रांचे हे तुकडे कोणत्याही टांकसाळीने चलन म्हणून काढलेले नाहीत. अशी वस्तू दाखवायचीच असेल, तर ती नकली वस्तूचा नमुना म्हणून आणि तसे स्पष्ट सांगूनच दाखवावी.

घरच्या घरी करता येण्याजोग्या तपासण्यांपैकी वजन ही सर्वांत विश्वासाची आहे. १८३५ नंतरच्या चांदीच्या रुपयाचे प्रमाण वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते, आणि जुना तोळा म्हणजे हेच वजन. डिजिटल काट्यावर नाणे ठेवून हा आकडा प्रेक्षकांना दाखवता येतो. झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, पण एखादा रुपया ग्रॅमभर कमी किंवा अधिक भरल्यास शंका घ्यावी. चुंबकाची चाचणीही डोळ्यांना पटणारी आहे, कारण सोने, चांदी आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. मात्र चिकटले नाही म्हणजे नाणे खरे, असा उलटा निष्कर्ष निघत नाही, हे त्याच दमात सांगावे. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि कडेला जोड दिसतो, तर ठशाने पाडलेल्या नाण्यावर असा जोड नसतो. नाणे वाजवून घेण्याची सराफांची जुनी रीत मराठी भाषेत वाक्प्रचार होऊन बसली असली, तरी स्टुडिओतील टेबलावर दुर्मीळ नाणे आपटून दाखवण्याचा मोह आवरावा. त्याने कडेला कायमची इजा होते.

या चाचण्यांनंतरही अंतिम मत जाणकाराचे घ्यावे. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने नाशिकजवळ अंजनेरी येथे स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि १९१० पासून कार्यरत असलेली भारतीय मुद्रा परिषद ही या शास्त्राची मान्य पीठे आहेत. खात्री नसलेल्या नाण्याबद्दल बोलताना शब्द मोजून वापरावेत. ‘श्री राजा शिव’ अशी अक्षरे असलेली प्रत्येक शिवराई शिवाजी महाराजांच्या हयातीतील नसते, कारण त्यांच्यानंतरच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावाने शिवराया पाडल्या गेल्या. दुदांडी म्हणून ओळखली जाणारी शिवराई याच उत्तरकाळातील आहे. त्यामुळे ‘शिवाजी महाराजांनी पाडलेले नाणे’ असे म्हणण्याऐवजी ‘शिवाजी महाराजांच्या नावाचे नाणे’ असे म्हणणे अधिक खरे आणि अधिक सुरक्षित असते.

कायद्याची बाजू

नाणी पडद्यावर दाखवण्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु ती कोठून आली हे प्रेक्षकांपैकी कोणीही विचारू शकतो आणि त्याचे उत्तर संग्राहकाकडे असले पाहिजे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ या कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो; असा पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली यंत्रणा यांनाच आहे आणि पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकाने तेथील वाहिनीवर बोलण्यासाठी भारतातून जुनी नाणी सोबत नेण्याचा विचारही करू नये. अशा कार्यक्रमात उत्तम छायाचित्रांनी काम भागवावे.

दुसरा कायदा भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा आहे. निखात निधी म्हणजे जमिनीत पुरलेले धन. दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन ज्याला सापडेल त्याने त्याचे स्वरूप, ठिकाण आणि सापडल्याचा दिवस जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. ‘हे नाणे आमच्या शेतात नांगराला लागले’ असे वाक्य कॅमेऱ्यासमोर सहज बोलले जाते, पण त्याने नाण्याची कथा रंगण्याऐवजी कायदेशीर प्रश्न उभा राहतो. शिवाय असे वाक्य ऐकून गडकिल्ल्यांवर आणि जुन्या गढ्यांच्या आसपास धातुशोधक यंत्रे घेऊन खणणाऱ्यांना हुरूप येतो, आणि एकदा साठा फोडून विकला गेला की कोणती नाणी कोणत्या नाण्यांबरोबर पुरली गेली होती, ही इतिहासाला हवी असलेली माहिती कायमची जाते. संग्राहकाने प्रत्येक नाण्याच्या खरेदीची पावती, लिलावाच्या सूचीतील नोंद किंवा वारशाची माहिती एका वहीत लिहून ठेवावी आणि विचारले तर तेवढेच सांगावे.

हाताळणी आणि स्वच्छता

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी नाणी चकचकीत करण्याची चूक सर्वांत महागात पडते. चिंच, लिंबू, राख, रांगोळी किंवा भांडी घासण्याची पूड यांनी नाण्याचा वरचा थर निघून जातो. धातूवर काळाने चढलेल्या या थराला पॅटिना म्हणतात. तो नाण्याचे रक्षण करतो, त्याच्या खरेपणाची एक खूण असतो आणि तो गेला की संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याचे मोल घटते. तांब्याच्या नाण्यावर धरलेला हिरवा कळंक मात्र पसरत जाणारा असू शकतो, आणि त्यासाठी संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावे.

नाणे नेहमी कडेने, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावे, कारण बोटांवरील घाम आणि तेल यांचा ठसा चांदीवर काही महिन्यांनी काळ्या डागाच्या रूपाने उमटतो. हात टेबलापासून फार वर उचलू नये आणि खाली मऊ कापड अंथरलेले असावे, म्हणजे नाणे निसटले तरी फरशीवर आपटणार नाही. नाणी नेण्यासाठी स्वस्त, वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचा उपयोग करू नये. पीव्हीसी प्रकारचे हे प्लास्टिक कालांतराने पाझरते आणि नाण्यावर चिकट हिरवट थर सोडते. निवेदकाला नाणे हातात घ्यायचे असेल, तर ते कसे धरावे हे चित्रीकरणापूर्वी दाखवून ठेवावे आणि त्यासाठी दुय्यम अवस्थेतील नाणे निवडावे.

प्रकाश आणि कॅमेरा

स्टुडिओतील दिवे माणसांच्या चेहऱ्यांसाठी लावलेले असतात, नाण्यांसाठी नव्हे. समोरून पडणारा प्रखर प्रकाश चांदीच्या नाण्यावर आरशासारखा परततो आणि पडद्यावर अक्षरांऐवजी पांढरा गोळा दिसतो. यावर उपाय असा, की नाण्यासाठी वेगळा लहान दिवा घ्यावा, त्याच्यासमोर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरे पातळ कापड धरून प्रकाश मऊ करावा आणि तो एका बाजूने, टेबलाला जवळजवळ समांतर अशा तिरप्या कोनातून टाकावा. तिरप्या प्रकाशात उठावाच्या प्रत्येक रेषेमागे सावली पडते; झिजलेल्या शिवराईवरील अक्षरे आणि जोगलटेंभीच्या नाण्यावरील दुहेरी छाप याच प्रकाशात वाचता येतो. कॅमेऱ्याच्या भिंगावर लावायच्या ध्रुवीकरण गाळणीने काचेवरील किंवा प्लास्टिकच्या डबीवरील चमक कमी होते, पण उघड्या धातूवरील चमक तिने फारशी जात नाही. तेथे दिव्याची जागा बदलणे हाच मार्ग असतो.

नाण्याखाली काळी मखमल अंथरण्याचा प्रघात आहे, परंतु कॅमेऱ्याची स्वयंचलित व्यवस्था काळ्या पार्श्वभूमीला उजळवू पाहते आणि त्या भरात नाणे भडक पांढरे होते. म्हणून प्रकाशाचे प्रमाण कॅमेरामनने हाताने ठरवावे किंवा राखाडी रंगाचे चमक नसलेले कापड घ्यावे. कॅमेऱ्यातील रंगांचा तोल, ज्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात, तोही एकदा पांढऱ्या कागदावर जुळवून घ्यावा, अन्यथा पिवळसर दिव्याखाली चांदी सोन्यासारखी आणि तांबे पितळेसारखे दिसते.

हातात धरलेले नाणे जवळून दाखवताना हाताचा सूक्ष्म कंपही पडद्यावर भूकंपासारखा मोठा होतो आणि जवळच्या चित्रात स्पष्टतेचा पट्टा इतका अरुंद असतो, की नाणे थोडे कलले तरी अर्धी बाजू धूसर होते. म्हणून नाणे स्टँडवर किंवा टेबलावर सपाट ठेवून, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, जवळची दृश्ये आधीच टिपून घ्यावीत आणि संग्राहक बोलत असताना ती दाखवावीत, अशी विनंती कार्यक्रमाच्या निर्मात्याला करावी. प्रत्येक नाण्याचा छापा आणि काटा, म्हणजे दोन्ही बाजू, एकाच आकारात आणि अक्षरे सरळ राहतील अशा टिपाव्यात. आकार कळावा म्हणून शेजारी आजचे एक रुपयाचे नाणे ठेवावे. नाहीतर पडदाभर पसरलेला होन प्रेक्षकाला ताटलीएवढा वाटतो. वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर खालचा भाग बातम्यांच्या पट्टीने व्यापलेला असतो, हे लक्षात ठेवून नाणे वरच्या दोन-तृतीयांश भागात ठेवण्यास सांगावे; दुर्मीळ नाण्यावरील साल बरेचदा तळाशी असते आणि ते त्या पट्टीखाली झाकले जाते.

काय बोलावे

बोलण्याचा क्रम ठरलेला असावा : धातू, वजन, कोणाच्या नावाचे, कोठे पाडलेले, अक्षरे कोणत्या लिपीत आणि त्यांचा अर्थ काय. ही माहिती प्रत्येक नाण्यासाठी अर्ध्या पानाच्या टिपणात लिहून वाहिनीला दोन दिवस आधी द्यावी, म्हणजे पडद्यावरील नावे आणि साले चुकत नाहीत. मुद्रालेख वाचताना शेजारी त्याचे रेखाचित्र असणे फार उपयोगाचे ठरते, कारण मराठा आणि मुघल काळात ठसा मोठा व चकती लहान असल्यामुळे नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच उमटला आहे. रेखाचित्रात नाण्यावर दिसणारी अक्षरे गडद आणि निसटलेली अक्षरे फिकट दाखवावीत.

काही नाण्यांच्या बाबतीत स्पष्टीकरण आधी द्यावे लागते. पेशवाईतील अंकुशी रुपया हे असे नाणे आहे. त्यावर फारसी लिपी आणि मुघल बादशहाचे नाव असते, आणि मराठ्यांची ओळख म्हणून शेजारी छोटासा अंकुश असतो. स्पष्टीकरणाविना हे नाणे दाखवल्यास प्रेक्षकाचा गोंधळ होतो किंवा तो दुखावतो. बाजारात व्यापारी आणि सराफ ओळखीच्या साच्याचा रुपया स्वीकारत, म्हणून अनेक सत्तांनी जुना मजकूर तसाच ठेवून त्यावर आपली खूण घातली, हे कारण एका वाक्यात सांगितले की तोच अंकुश प्रेक्षकाला कुतूहलाचा विषय वाटू लागतो. रुपयांवर दिसणारे लहान ठोकलेले छापही असेच समजावून द्यावेत. त्या सराफांनी चांदी पारखून मारलेल्या खुणा असतात, नाण्यावरचे डाग नव्हेत.

प्रेक्षकाला लगेच करून पाहता येईल अशी एखादी गोष्ट प्रत्येक कार्यक्रमात असावी. आजच्या नाण्यांवर सालाखाली चौकटीच्या आकाराची खूण असल्यास ते मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असल्यास हैदराबादचे, ठिपका असल्यास नोएडाचे आणि काहीच नसल्यास कोलकात्याचे असते. त्याचप्रमाणे राणीछाप रुपयावर ‘क्वीन’ असा शब्द असल्यास तो १८७६ पर्यंतचा आणि ‘एम्प्रेस’ असा असल्यास १८७७ पासूनचा, हे सांगितले की प्रेक्षक पुढच्या लक्ष्मीपूजनाला ताटातील रुपया उलटून पाहतो.

किमतीचा प्रश्न आणि फसवणूक

‘याची आज किंमत किती?’ हा प्रश्न येणारच आणि तो टाळल्यास संग्राहक काही लपवतो आहे असा ग्रह होतो. त्यामुळे उत्तर तयार ठेवावे. नाण्याची किंमत त्याची अवस्था, त्याच्या खरेपणाची खात्री आणि त्या दिवशी खरेदीदारांची मागणी यांवर ठरते, एकाच प्रकारची दोन नाणी अवस्थेच्या फरकामुळे अगदी वेगळ्या भावाने विकली जातात, आणि लिलावातील एखाद्या नाण्याचा भाव त्या प्रकारच्या सर्व नाण्यांना लागू होत नाही, एवढे सांगणे पुरेसे असते. आकडा द्यायचाच असेल, तर तो जाहीर लिलावात नोंदला गेलेला असावा आणि त्या नाण्याच्या अवस्थेसह सांगावा. वाहिनीने चित्रफितीला दिलेले शीर्षक पुढे समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत राहते, म्हणून ते काय असेल हे प्रक्षेपणापूर्वी विचारून घ्यावे.

ही सावधगिरी अनाठायी नाही. वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ सालचे पाच रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकले जाते, असे संदेश सतत पसरत असतात, पण ते चलनासाठी मोठ्या संख्येने काढलेले साधे नाणे आहे. अशा संदेशांच्या आडून नोंदणी शुल्क, दलाली किंवा कर म्हणून आधी पैसे उकळणाऱ्या टोळ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जनतेला सावध केले. बँक अशा व्यवहारांत पडत नाही आणि आपल्या नावाने शुल्क घेण्याचा अधिकार तिने कोणाला दिलेला नाही, असे तिने त्या वेळी स्पष्ट केले. कार्यक्रमात हा इशारा एकदा तरी द्यावा, आणि नाणे विकत घेण्याआधीच पैसे मागणारा माणूस खरेदीदार नसतो, हे सोप्या शब्दांत सांगावे.

सुरक्षितता

संग्राहकाचे घर, त्याचा परिसर, तिजोरी किंवा दूरध्वनी क्रमांक पडद्यावर दिसू देऊ नये; चौकशीसाठी संस्थेचा किंवा वाहिनीचा पत्ता द्यावा. घरी चित्रीकरण करण्याऐवजी स्टुडिओ, ग्रंथालय किंवा संग्रहालय अशी जागा सुचवावी. ठरलेली नाणीच सोबत न्यावीत, त्यांची छायाचित्रे व वजने असलेली यादी जवळ ठेवावी, विश्वासातील एक व्यक्ती बरोबर घ्यावी आणि टेबलावर नाणी मांडण्यापूर्वी व उचलल्यानंतर ती मोजावीत. नाण्यांचा विमा असल्यास घराबाहेर नेलेल्या वस्तूला त्याचे संरक्षण मिळते का, हे आधी वाचून घ्यावे. बोलावणे खरोखर त्या वाहिनीचेच आहे ना, याची खातरजमा वाहिनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून करावी.

समारोप

कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकाच्या हातात पुढची वाट असावी. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, फोर्ट भागात २००४ साली सुरू झालेले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि अंजनेरीची संस्था यांची नावे निवेदकाकडून आवर्जून घेतली जावीत, म्हणजे पडद्यावर सेकंदभर पाहिलेली नाणी निवांत पाहण्याची सोय आहे हे लोकांना कळते. संग्राहकांनी प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट किमतीच्या आकड्याने न करता एका साध्या विनंतीने करावा : घरात जुने नाणे असल्यास ते घासू नये, विकण्याची घाई करू नये, त्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून आणि वजन करून ते जाणकाराला दाखवावे. दुसऱ्या दिवशी एखाद्या घरात देवघरातला रुपया चिंचेऐवजी भिंगाखाली गेला, तर तो कार्यक्रम सार्थकी लागला असे समजावे.